नव्या अल्बमातल्या झांजा

‘आधी ऐकून तर घ्या, मॅडम,’ असं म्हणून ते उजवा तळहात समोर धरायचे, चौकातल्या हवालदारासारखा. समोरचा माणूस कितीही घाईत असो, थांबायचा. मग ते मान तिरकी करून डोळे मिटायचे आणि आम्हाला जो नुसता गोंगाट वाटायचा त्यातून एखादा आवाज वेगळा काढून दाखवायचे. ‘टक्-टक् येतंय बगा मधून. वाल्व्हची पट्टी सैल झाली.’ आम्हाला काही ऐकू यायचं नाही. मशीन उघडलं की पट्टी सैलच निघायची.

नांदूरघाटच्या अलीकडे रस्त्याला लागून सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. गावोगावचं दूध तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुढं जायचं. माझं काम दूध तपासायचं. काचेच्या नळ्या, ॲसिड, फॅट किती लागली याची नोंद. दूध थंड करणारा कॉम्प्रेसर चालवायचं काम त्यांचं. त्यांना नावानं कुणी हाक मारायचं नाही. संघाच्या चेअरमनपासून दूध घालायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे ते ‘आप्रेटर’ होते. मी सव्वीस वर्षांची, ते चाळिशी ओलांडलेले. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला मॅडम म्हटलं आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता माझ्या पोळीवर वाढली.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझं एका बाईशी भांडण झालं. फॅट कमी लागली म्हणून ती माझ्या अंगावर आली आणि मीही आवाज चढवला. ऑपरेटर मशीनच्या खोलीतून बाहेर आले, तळहात वर केला. ‘मॅडम, आधी तिचं ऐकून तर घ्या.’ ऐकलं तर कळलं, घरचा कडबा संपलाय आणि म्हैस पंधरा दिवस नुसत्या उसाच्या वाढ्यांवर, शेंड्यांच्या पाल्यावर आहे. फॅट वाढून मिळाली नाही, पण त्या दिवसापासून ती बाई माझ्याशी भांडली नाही. ऐकून घेतलं की माणूस अर्धा निवतो, हे मला तिथं कळलं.

आता त्यांच्या गाण्यांविषयी सांगायला हवं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या अंगावरचे कपडे एका गावचे आणि कानातलं गाणं भलत्याच मुलखातलं. ऑपरेटर चकलांब्याचे. आईबापांबरोबर ऊस तोडायला गेलेले, तिकडेच एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून चिकटले आणि मशीनचं काम शिकले. तिथल्या एका इंजिनिअरची बदली झाली. जाताना तो आपला टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेटी यांना देऊन गेला. चारही एकाच बँडच्या. थंड मुलखातली पाच केसाळ माणसं, आणि गाणं म्हणजे ज्याला मेटल म्हणतात ते.

‘पयल्यांदा मला वाटलं टेप बिघडला,’ ते सांगायचे. ‘उघडून साफ केला. पुन्हा तेच. मंग नीट ऐकलं. मॅडम, गव्हाणीत उसाची मोळी पडती आन मिल ती दातात धरती, तवा जो आवाज येतो ना, सेम तो. म्हणलं ही तर आपलीच माणसं हायेत.’

‘शब्द कळतात?’

‘न्हाई. भांडण कळतं. कुणासंगं तरी लई जुनं भांडण हाय त्येंचं.’

बँडचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते कधी धड उच्चारता आलं नाही. ते ‘आपली माणसं’ एवढंच म्हणत. एका गणपतीत त्यांनी केंद्राच्या मांडवातल्या कर्ण्यावर आपल्या माणसांची कॅसेट लावली. दोन मिनिटांत रस्त्यावरची कुत्री पांगली, आणि आरतीला आलेल्या चेअरमनच्या आई म्हणाल्या, ‘आरं, कुणाला तरी लागलंय, बगा की पळत जाऊन!’ ऑपरेटर स्वतःच इतके हसले की कॅसेट बंद करायला हात पोचेना.

मला त्यांनी एकदा हेडफोन दिला होता. कुणीतरी पत्र्यावर खडी ओततंय असं वाटलं. ‘आधी ऐकून तर घ्या,’ ते म्हणाले. मग एका जागी त्यांनी बोट उचललं, आणि त्या सगळ्या खडीच्या वर एक झांज वाजली. बारीक, लखलखीत, उन्हात पाण्याचा थेंब दिसावा तशी. ‘ही,’ ते म्हणाले. ‘हिच्यासाठी समदं.’ तेवढी मला आवडली.

पुढं सलग दोन वर्षं पाऊस झाला नाही. लोकांनी गुरं चारा छावणीवर नेली. बायका छावणीतच राहून दूध काढायच्या. दोन वेळचं संकलन एकावर आलं. पूर्वी दिवसभर चालणारा कॉम्प्रेसर दुपारी बंद राहू लागला, आणि केंद्रावर कधी नव्हती अशी शांतता पसरली. संघात माणसं कमी करायची बोलणी चालू होती. कुणाचं नाव येणार, याची चर्चा रोज व्हायची.

त्याच वर्षी बातमी आली की अकरा वर्षांनी त्या बँडचा नवा अल्बम निघतोय. बातमी मीच आणली, पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याकडून. ऑपरेटरना इतकं खुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाचा म्हणाला, फोनमध्ये घालून देतो. हे म्हणाले, ‘न्हाई. डिस्कच पायजे. वरचं चित्र, आतलं पुस्तक, समदं.’ बीडला जाऊन ते डिस्क वाजवायचं छोटं यंत्र घेऊन आले. दिवाळीनंतर मी डिस्क आणली, तेव्हा आधी त्यांनी साबणानं हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मगच ती हातात घेतली.

दुपारी मशीन बंद असताना ते दूध उतरवायच्या धक्क्यावर बसले, कानात हेडफोनची बोंडं घालून. मी खिडकीतून बघत होते. तासाभरात एकदाही त्यांचं बोट वर गेलं नाही.

‘कसं आहे?’ मी विचारलं.

‘काय म्हणलात?’

‘कसं आहे?’

त्यांनी बोंडं काढून मांडीवर ठेवली. ‘झांजाच न्हाईत, मॅडम. गिटार भिंतीपल्याड वाजल्यासारखी येती. आन जीव बी न्हाई त्यात. थकलीत ही माणसं.’ मग स्वतःशीच, ‘कशाला काढायचा मंग अल्बम? गप बसायचं.’

आठवडाभर ते रोज ऐकत राहिले. वाईट निघालेली गोष्ट माणूस पुन्हापुन्हा उघडून का बघतो कोण जाणे. त्यांनी बँडला पत्र लिहायला घेतलं होतं. जुन्या लॉगबुकच्या मागच्या पानांवर, मराठीत. मी वाचलं. ‘तुम्ही आमच्या भरवशावर आहात असं नाही, पण आम्ही तुमच्या भरवशावर आहोत,’ असं एक वाक्य होतं. मी म्हटलं, माझा भाचा इंग्रजी करून देईल. त्यावरही ते ‘काय म्हणलात?’ म्हणाले. हल्ली ते मला फार वेळा असं विचारायचे. ‘तुमी लई हळू बोलाया लागलात, मॅडम,’ असंही एकदा म्हणाले. मला वाटलं, माणसाचं लक्ष नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी नळ्या धूत होते आणि मशीनच्या खोलीतून किंकाळी सुरू झाली. ताटावर चमचा घासावा तसा आवाज, थांबेचना. फाटकाजवळचा दूधवाला कानात बोटं घालून उभा होता. मी धावत गेले. ऑपरेटर मोटारीपासून हातभर अंतरावर, स्टुलावर बसून, शांतपणे लॉगबुकात आकडे लिहीत होते. मला पाहून ते हसले.

‘काय, मॅडम?’

मी मोटारीकडे बोट दाखवलं. त्यांनी बेअरिंगवर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. मशीन बंद केलं. किंकाळी थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही थांबल्याची खूण नव्हती.

‘आत्ताच तापलं असंल,’ ते म्हणाले.

त्या दुपारी मी धक्क्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, तुमचा अल्बम मला ऐकवा. एक बोंड त्यांच्या कानात, एक माझ्या. मी मोठ्यानं सांगितलं, ‘झांज वाजली की मी बोट वर करीन. तुम्ही नुसतं बघा.’

गाणं सुरू झालं. मी बोट वर केलं. पुन्हा केलं. झांजा होत्या, पहिल्यापासून होत्या, एकामागून एक. ते आधी माझ्या बोटाकडे गमतीनं बघत होते. मग गंमत गेली. मग ते बोटाकडे बघायचे सोडून माझ्या तोंडाकडे बघू लागले, मी खोटं तर करत नाही ना, म्हणून. गाणं संपलं.

‘अजून एकदा.’

मी पुन्हा सगळं केलं. शेवटी त्यांनी माझं बोट हातानं खाली घेतलं.

‘म्हंजे ते वाजवतेत.’

‘हो.’

‘मंग खराब कोण झालं, मॅडम?’

ते उठून आत गेले आणि जुनी कॅसेट घेऊन आले. ‘ह्यात तर समदं येतंय मला. एकूण एक झांज.’ ते खरं बोलत होते. मी त्यांना अंबाजोगाईला कानांच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्याचा उलगडा झाला. वर्षानुवर्षं मशीनजवळ राहून, वर हेडफोन लावून, बारीक आवाज ऐकायची त्यांची ताकद गेली होती. पाठ असलेलं गाणं लागलं की गेलेला आवाज मन आपल्या पदरचा घालतं. नव्या गाण्यात घालायला मनाकडे काही नसतं. डॉक्टर म्हणाले, बायकांचे आवाजही असेच आधी जातात.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. केजच्या पुढं एवढंच म्हणाले, ‘माफी मागाया पायजे त्येंची. उगं नाव ठेवलं.’ केंद्रावर आल्यावर त्यांनी लॉगबुकातली पत्राची पानं फाडली.

मग माझ्याकडे वळले. ‘मॅडम, हे चेअरमनला कळू देऊ नका. कळलं की पयलं नाव माझं.’

मी कबूल केलं. त्यानंतर मी त्यांचे कान झाले. दर तासाला काही ना काही निमित्तानं मशीनच्या खोलीत जायचं, ऐकायचं, आणि दारातून मान हलवायची, ठीक आहे म्हणून. तेही मधूनमधून मोटारीवर हात ठेवून बघायचे. दोन महिने असं चाललं. आम्हाला ते जमतंय असं वाटू लागलं होतं.

फेब्रुवारीत आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी दोन दिवस रजेवर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकातच आंबूस वास आला. आदल्या संध्याकाळी ऑपरेटर मागच्या बाजूला पाण्याच्या टँकरचा पाइप जोडत असताना मोटारीचं बेअरिंग गेलं होतं. ती किती वेळ किंचाळत होती ते गडी सांगत होते. त्यांना वाटलं ऑपरेटर आतच आहेत, बघतील. मोटार जळली. दुसरी येईपर्यंत टाकीतलं सगळं दूध नासलं.

ते दूध केंद्रामागच्या नालीत सोडलं. छावणीवरून दूध घालायला आलेल्या बायका भरलेल्या कळश्या काखेत धरून ओळीनं उभ्या होत्या. कोरड्या नालीत ते पांढरं पाणी बराच वेळ जिरत होतं. ऑपरेटर कडेला उभे होते, चप्पल दुधात बुडालेली, आणि ती बाजूला घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

दुपारी ऑफिसात बैठक झाली. कुणीतरी दूधवाल्यानं डिसेंबरातली किंकाळीही सांगून टाकली होती. चेअरमन वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऑपरेटरना दोन प्रश्न हळू विचारले, दोन मोठ्यानं. हळू विचारलेल्यांची उत्तरं आली नाहीत. त्यांना कळायचं ते कळलं.

‘हे जेला ठाऊक होतं आन जेनं झाकलं, तो बी तितकाच दोषी,’ चेअरमन म्हणाले आणि माझ्याकडे वळले. ‘मॅडम, तुमी रोज हितं असता. तुमाला कल्पना होती का?’

घरी माझ्या पगारावर आई होती. हे मी आज कारण म्हणून सांगते आहे. त्या क्षणी मला आईची आठवण झाली नव्हती. मी नुसती घाबरले होते.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘मला काहीच कल्पना नव्हती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.’

माझा आवाज बारीक. त्यात तो आणखी बारीक निघाला. टेबलाच्या पलीकडे बसलेले ऑपरेटर माझ्या ओठांकडे बघत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी मान हलवली, सावकाश, दोनदा.

बैठक संपल्यावर ते बाहेर लिंबाखाली माझी वाट बघत थांबले होते. हातात डब्याची पिशवी.

‘तुमी माझ्यासाठी बोललात,’ ते म्हणाले. ‘काय उपेग झाला न्हाई, पर बोललात. लई बरं वाटलं.’

मी तोंड उघडलं. सांगायचं असतं तर ओरडून सांगावं लागलं असतं. आवारात गडी होते, दूधवाले होते, ऑफिसच्या दारात चेअरमन उभे होते. अशी गोष्ट ओरडून कशी सांगायची? मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मला रडू येतंय. ‘आवो, असं करू नका,’ म्हणून ते उलट मलाच समजावत राहिले.

त्यांची नोकरी गेली, ते गावी परतले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण दूध खाजगीवाल्यांकडे गेलं आणि केंद्रही बंद पडलं. मी अंबाजोगाईला दुसरी नोकरी धरली. पण तेव्हापासून माझ्या कानांना एक खोड लागली आहे. किल्ली पडली, बांगडी वाजली, कुकरची शिट्टी झाली, की माझ्या मनात येतं, हे त्यांना ऐकू आलं नसतं. स्वयंपाकघरात एकटी असताना मी अशा आवाजांना दचकते. बारीक आवाज झाला की मागं कुणीतरी मान हलवतंय असं वाटतं. सावकाश, दोनदा.

मध्यंतरी भाचा घरी आला होता. आता तोही असलीच गाणी ऐकतो. मी सहज त्या बँडचं नाव काढलं.

‘तो अल्बम?’ तो म्हणाला. ‘मावशी, तो तर कुणालाच आवडला नव्हता. जगभर लोकांनी शिव्या घातल्या. त्यांच्या पडेल अल्बमांत पहिला नंबर त्याचा.’

‘पण झांजा तर होत्या.’

‘होत्या ना. झांजांचं काय? जीव नव्हता. थकले होते ते.’

मी कणीक मळत होते, हात तसेच राहिले. जीव न्हाई, थकलीत ही माणसं, हे त्यांनी पहिल्याच दुपारी सांगितलं होतं. नेमकं तेच मी ऐकून घेतलं नव्हतं. मी बोट वर करून झांजा दाखवत बसले, आणि त्यांनी सगळीच तक्रार मागं घेतली. पत्र फाडलं, माफी मागायची म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गेवराईची गाडी धरून चकलांब्याला गेले. विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याचं, पुढं शेळ्या बांधलेल्या. ऑपरेटर घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं सांगितलं, टोळीबरोबर उसाला गेलेत, ट्रॅक्टरवर मेकॅनिक म्हणून.

‘आता काइच ऐकू येत न्हाई बगा त्येंला,’ ती म्हणाली. ‘मी हातानं खुणावते. सरकारी कॅम्पात कानाचं यंत्र मिळालं. एक दिवस घातलं. म्हणले, समदं कचकच येतंय, हे आपलं न्हाई. तवापून डबीतच हाय. हातबी लावला न्हाई.’ फळीवरची पांढरी डबी तिनं दाखवली.

मी का आले ते तिला सांगितलं. तो अल्बम खरंच वाईट होता, त्यांचं बरोबर होतं. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

‘एवढंच सांगाया आलात, एवढ्या लांबून?’

‘एवढंच,’ मी म्हणाले.

‘मंग लिवून द्या. सांगून मी काय समजावणार त्येंला?’

ती चुलीकडे वळली. मी पर्समधून कागद काढला. लिहिलं, ‘अल्बम सगळ्यांनाच वाईट वाटला. जीव नव्हताच. तुम्ही बरोबर ऐकलं होतं.’ खाली जागा होती. त्या दिवशी ऑफिसात मी काय बोलले, ते तिथं मावलं असतं. मी पेन टेकवून बसले. चहा उकळून वर आला, तिनं फडक्यानं पातेलं उतरवलं, कपात ओतला, कप माझ्यासमोर ठेवला. मी पेनाला टोपण लावलं.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद घेतला, बारीक चौकोनी घडी घातली, इकडेतिकडे पाहिलं आणि फळीवरची पांढरी डबी काढून यंत्राखाली सारला.

‘हितं ऱ्हाईल नीट,’ ती म्हणाली, आणि झाकण दाबून बसवलं.